वाट दाखविणे आणि स्थळ सांगणे

झाशीहून खजुराहोस जाणारा राजमार्ग बरुआसागर, मऊरानीपूर, नौगाव आणि छतरपूर या गावांवरून जातो. प्रवासाची आखणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘झाशी, ओरछा, खजुराहो, तीन दिवस’ एवढे सांगितले की किल्ला उघडण्याची वेळ, मोटारीला लागणारे तास, मुक्काम आणि जेवण यांचा मेळ ते क्षणार्धात घालून देते. या आखणीत झाशीपासून सुमारे ६५ किलोमीटरांवर असलेले मऊरानीपूर सहसा येते ते रस्त्यावरील एक नाव म्हणून. फार तर चहासाठी थांबण्याचे ठिकाण म्हणून. यात यंत्राचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. जे विचारले गेले त्याचे उत्तर त्याने दिले आहे. परंतु ज्या गावाविषयी कोणी विचारलेच नाही त्या गावाची ओळख यंत्रापाशी कोणत्या भाषेतून पोहोचते, आणि ती पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो.

वरवर पाहता हा प्रश्न पर्यटनव्यवसायाचा वाटेल. तथापि वाट आणि स्थळ यांविषयीची रचना ही भारतीय भाषांमधील एक जुनी वाङ्मयपरंपरा आहे. स्थळमाहात्म्ये, क्षेत्रवर्णने, यात्रावृत्ते आणि प्रवासवर्णने यांचा पसारा मोठा आहे; आणि त्याच्या मागे मौखिक परंपरेचा त्याहूनही मोठा पसारा आहे. वाटाड्या, नावाडी, तीर्थोपाध्याय ही या मौखिक परंपरेची माणसे. त्यांच्या कामाची दोन अंगे होती : वाट दाखविणे आणि स्थळ सांगणे. ही दोन्ही अंगे एकाच माणसाच्या ठायी असल्यामुळे ती वेगळी आहेत हे सहसा लक्षात येत नसे. स्वतःहून चालणारी नौका आणि प्रवासाची आखणी करणारे सॉफ्टवेअर यांनी ती प्रथमच स्पष्टपणे वेगळी केली आहेत. पहिले अंग यंत्राने उचलले. दुसऱ्याचे काय झाले याची चौकशी करणे हे भाषा-साहित्याच्या अभ्यासकांचे काम होय.

या फारकतीचा वृत्तान्त योगायोगाने एकाच शहराशी दोनदा जोडला गेला आहे. १९५६ साली एड्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने आम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात बसून, सुमारे वीस मिनिटांत, दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत मनाशी जुळविली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला कसे जावे, असा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ती रीत वाट शोधून देणाऱ्या आजच्या अनेक सॉफ्टवेअरांची पूर्वज आहे. पुढे त्याच आम्स्टरडॅमच्या कालव्यांत, २०२१ साली, ‘रोबोट’ या प्रकल्पातील पूर्ण आकाराची नौका नावाड्यावाचून चालविण्यात आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि आम्स्टरडॅममधील एक नागरी संशोधनसंस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प. नौका चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. तीत पाच माणसे बसतात. लेसर किरणांनी आणि कॅमेऱ्यांनी भोवतालचा अदमास घेत, इतर नावा चुकवीत ती धक्क्याला लागते. भारतातही हे तंत्र आलेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मातंगी’ नावाची स्वयंचलित नौका मुंबईहून तुतिकोरिनच्या सुमारे १५०० किलोमीटरांच्या सफरीस निघाली. तिचे प्रयोजन संरक्षणाचे होते, पर्यटनाचे नव्हे. आणि कोचीत २०२३ पासून चालणाऱ्या जलमेट्रोच्या नौकांवर चालक आहेतच. तरीही सागरी संरक्षणासाठी सिद्ध झालेले यंत्र उद्या नगरदर्शनाच्या घाटावर येऊन उभे राहील, हे भाकीत धाडसाचे म्हणता येणार नाही.

डाइक्स्ट्राच्या रीतीत प्रत्येक वाटेला एक ‘खर्च’ असतो. अंतर, वेळ किंवा पैसा यांपैकी काहीही खर्च म्हणून धरावे; ज्या वाटेचा खर्च किमान ती वाट उत्तम. या गृहीतावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. रुग्णवाहिकेला, टपालाला, मालगाडीला ते लागू आहे. मात्र भारतीय यात्रासंस्थेत वाटेचा विचार पुष्कळदा नेमका उलट दिशेने झालेला आढळतो. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेस जवळजवळ तीन आठवडे घेते. मोटारीने हे अंतर काही तासांचे. तथापि सासवडचा मुक्काम किंवा वाटेवरची रिंगणे गाळून वारी ‘लवकर’ पोहोचवावी, असे कोणी म्हणत नाही. कारण तेथे वाटेत गेलेला वेळ हा खर्च नसून प्राप्ती आहे. ज्या रीतीत वेळ केवळ खर्चाच्या खात्यातच लिहिता येतो, तिला वारीचा अर्थ लावता येणार नाही.

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातच वाट दाखविणे आणि स्थळ सांगणे या दोन्ही अंगांचा मेळ घालणारा एक ग्रंथ आहे, याची या संदर्भात आठवण ठेवली पाहिजे. मुनिव्यासांच्या नावावर असलेली आणि चौदाव्या शतकातील मानली जाणारी ‘स्थानपोथी’ ही महानुभाव पंथीयांची प्रवासाची आखणीच होय. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, राहिले ती ती स्थाने तीत गावानुसार नोंदलेली आहेत. देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, स्थान त्याच्या कोणत्या बाजूस, असा तिचा तपशील आहे. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या या ग्रंथाचा उपयोग मध्ययुगीन महाराष्ट्राच्या भूगोलासाठी संशोधकांनी केला, तो या अचूकपणामुळेच. परंतु या अचूकपणाचे प्रयोजन भौगोलिक नव्हते. प्रत्येक स्थानामागे एक लीळा आहे, आणि ‘लीळाचरित्र’ ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच ही पोथी आहे. दिशा दाखविणारे वाक्य आणि घडलेली गोष्ट यांचा सांधा तेथे निखळलेला नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थळापुढे लीळेच्या जागी असतात तारे : पाचांपैकी चार, पाचांपैकी साडेचार. हे तारे किती जणांना स्थळ आवडले ते सांगतात. तेथे काय घडले ते सांगत नाहीत.

बुंदेलखंडाच्या बाबतीत हा सांधा मराठीने एकदा विलक्षण रीतीने जुळविला होता. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काका रामभटांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, एवढीच त्यांची ‘आखणी’ होती. महूच्या छावणीच्या परिसरात त्यांना बंडाची वार्ता कळली आणि ती आखणी तेथेच कोलमडली. पुढे ते झाशीत आले, वेढ्यात सापडले, लुटले गेले. आणि अखेर घरी परतले ते द्रव्य घेऊन नव्हे, तर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तान्त लिहिला. वैद्यांनी तो संपादून १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी पुढे त्याची आवृत्ती सिद्ध केली. अमृतलाल नागर यांनी तो ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेला. झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंस कसा झाला, याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन या पुस्तकात आहे. किल्ला पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती पडणाऱ्या आखणीत तोफांची नावे असतात, किल्ल्याची वेळ असते; जळालेल्या आणि फाडलेल्या पोथ्या नसतात. कारण त्या पोथ्यांची स्मृती मराठी गद्यात आहे, आणि आखणी करणारे सॉफ्टवेअर जे वाचून शिकले त्यात हे गद्य फार थोडे असावे.

येथे एक शंका घेता येईल. गोडसे भटजींची आखणी फसली म्हणून तर ‘माझा प्रवास’ निर्माण झाला. तेव्हा फसणाऱ्या आखणीचेच हे गुणगान नव्हे काय? तसे नाही. भटजींना वाटेवरच्या धोक्याची आगाऊ सूचना मिळाली असती तर ती त्यांनी कृतज्ञतेने स्वीकारली असती, यात संशय नाही. हाल हे साहित्याचे मूल्य नव्हे. त्यांच्या लेखनाचे मूल्य असे की, ज्या गोष्टी पाहावयास ते निघाले नव्हते त्या त्यांनी पाहिल्या आणि त्या सांगावयास त्यांच्यापाशी भाषा होती.

आता पुन्हा मऊरानीपूरकडे वळावे. प्रथम नावाचीच गोष्ट घ्यावी. ‘मऊ’ हे नाव उत्तर भारतात अनेक गावांना आहे. पूर्व उत्तर प्रदेशात मऊ हा स्वतंत्र जिल्हाच आहे. इंदूरजवळची छावणी ती महू. आणि मराठी वाचकाला तर हा शब्द ऐकताच मृदुत्व आठवते. मऊरानीपूर हे मऊ आणि रानीपूर या शेजारच्या दोन वस्त्यांचे जोडनाव. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मऊ हे साधे शेतकऱ्यांचे गाव होते. छतरपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळून तेथील व्यापारी झाशीचे मराठे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांच्या आश्रयास आले आणि गाव पेठेच्या रूपास चढले, असा वृत्तान्त ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात आहे. आल या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या तांबड्या रंगाचे ‘खरुआ’ कापड ही या पेठेची ख्याती. कृत्रिम रंग आले आणि आलची शेती मागे पडली. पेशवाईच्या उत्तर सीमेवरील एका आश्रयाची, एका रंगाची आणि एका व्यापाराची ही कथा मराठी इतिहासाचाही भाग आहे. पण ती इंग्रजी गॅझेटियरात नोंदली गेली म्हणून टिकली, मराठीत ती क्वचितच आढळते.

दुसरी गोष्ट ईसुरीची. बुंदेली फागांचा हा थोर लोककवी एकोणिसाव्या शतकात मऊरानीपूर परिसरातील मेंढकी या गावी जन्मला. ‘चौकडिया’ फागाची घडण त्याच्या नावाशी जोडली जाते, आणि ‘रजऊ’ या प्रेयसीला उद्देशून त्याने रचलेले फाग आजही होळीच्या दिवसांत बुंदेलखंडात गायिले जातात. फाग हा मूलतः गावाने फडात बसून म्हणावयाचा प्रकार. तो ऐकावयाचा तर फाल्गुनात गेले पाहिजे, आणि कोणाच्या तरी ओळखीने फडाजवळ बसले पाहिजे. ही ‘उघडण्याची वेळ’ कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५६ लाख लोकांनी आपली मातृभाषा बुंदेली म्हणून सांगितली; परंतु गणनेत ती हिंदीच्या शीर्षकाखाली मोडते आणि आठव्या परिशिष्टात तिला स्वतंत्र स्थान नाही. यंत्राला भाषा शिकविण्याचे सरकारी प्रयत्न प्रायः या परिशिष्टाच्या चौकटीत चालतात. जी भाषा मोजणीत दुसरीच्या पोटात गेली, तिच्यातील स्थळे यंत्रापुढे येण्याचा मार्ग अधिकच अरुंद होतो.

तिसरी गोष्ट जलविहाराची, आणि ती तर नौकेच्या विषयाशी प्रत्यक्षच निगडित आहे. महाराष्ट्रात गणपती बसलेले असतात त्याच दिवसांत, भाद्रपदातील डोल ग्यारसच्या सुमारास, मऊरानीपुरात जलविहाराचा मेळा भरतो. गावातील मंदिरांमधले देव विमानांत बसून सुखनई नदीवर येतात. ‘विमान’ म्हणजे येथे माणसांच्या खांद्यांवरून जाणारी सजविलेली पालखीच होय. सुखनई ही धसानला मिळणारी, पावसावर जगणारी नदी. आम्स्टरडॅमच्या कालव्यांसारखे बारमाही, बांधीव पाणी तिला नाही, म्हणून स्वयंचलित नौकेला येथे वर्षातील बहुतेक दिवस काम मिळणार नाही. परंतु देवाच्या जलक्रीडेसाठी ज्या गावाने वर्षातील नेमका पाणी असणारा काळ निवडला, त्या गावाने आपल्या नदीचा स्वभाव पंचांगात लिहून ठेवला आहे, असेच म्हणावे लागेल. मिरवणुकीची वाटही बोलकी असते. देवाला नदीवर न्यावयाचे तर सर्वांत जवळची गल्ली पुरे. पण मिरवणूक ती गल्ली धरीत नाही. अधिकाधिक दारांपुढून देव जावा, ही येथली कसोटी. किमान खर्चाची वाट आणि कमाल दर्शनाची वाट यांतील भेद समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

इतके म्हटल्यावर एका गंभीर आक्षेपाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जुना वाटाड्या आणि जुना तीर्थोपाध्याय यांचे चित्र रंगविताना त्यांच्या सांगण्याची किंमत कोणी दिली, हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत कुळांच्या पिढ्या नोंदलेल्या आहेत, आणि त्या नोंदी समाजेतिहासाचे मोलाचे साधन आहेत, हे खरे. परंतु कोणाचे नाव लिहावयाचे हे ठरविणारी सत्ताही त्याच हातात होती. पाण्यावर कोणी जावे, हा या देशात कधीच निव्वळ नौकानयनाचा प्रश्न नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. जी नौका चढणाऱ्याला ‘तुम्ही कोण?’ असे विचारत नाही, आणि जी आखणी एकट्या स्त्रीला, अपंगाला, परभाषी प्रवाशाला कोणाच्या मेहेरबानीवाचून घाटापर्यंत नेते, तिचे स्वागतच केले पाहिजे. मध्यस्थाचा जाच आणि मध्यस्थाचे ज्ञान ही एकाच माणसात एकत्र होती. जाच गेला याचा आनंद मानताना ज्ञानही त्याच दाराने बाहेर पडले, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे.

शिवाय यंत्र कोणाला काहीच विचारत नाही, हेही पूर्णपणे खरे नाही. तारे देणारे प्रवासी कोणत्या वर्गाचे, ते कोणत्या भाषेत लिहितात, कोणत्या स्थळांचे चित्र घेतात, यांवर आखणीतील क्रम ठरतो. ज्या गावाला पाहुणे नाहीत त्याला तारे नाहीत. आणि तारे नाहीत म्हणून पाहुणे नाहीत. जुन्या उपाध्यायाने माणसे गाळली; नवे यंत्र गावे गाळते. पहिल्या गाळणीमागचा हेतू ओळखता येत होता, म्हणून तिच्याविरुद्ध लढा देता आला. दुसरीमागे हेतूच नसल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करावी, हे उमजत नाही.

मग करावे काय? यंत्रावर बहिष्कार हा मार्ग नव्हे, आणि नावाड्याला सरकारी अनुदानावर घाटाची शोभा म्हणून बसविणे हाही नव्हे. वाट दाखविण्याचे काम यंत्राकडे गेले असेल तर जावे. स्थळ सांगण्याचे काम मात्र भाषांनी हाती घेतले पाहिजे, आणि या बाबतीत विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांवर काही निश्चित कर्तव्ये येतात. एक तर बुंदेलखंडाविषयीचे मराठी साहित्य, बखरी, पत्रव्यवहार, ‘माझा प्रवास’सारखी वृत्ते, यांतील स्थळनामांची सूची तयार व्हावी आणि तीत प्रत्येक स्थळापुढे तेथे घडलेली गोष्ट यावी. स्थानपोथीने हे सहा शतकांपूर्वी करून दाखविले आहे. आराखडा नव्याने शोधण्याचे कारण नाही. दुसरे असे की, हे काम हिंदी, बुंदेली आणि मराठी यांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून करावयाचे आहे. नेवाळकरांचा आश्रय मराठी, खरुआचा रंगारी बुंदेली आणि त्याची नोंद इंग्रजी. यांपैकी एकच भाषा जाणणाऱ्याच्या हाती मऊरानीपूरचा एक तृतीयांश भागच येईल. तिसरे, घाटावरचे, फडातले आणि मिरवणुकीतले सांगणे सांगणाऱ्याच्या नावानिशी, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच बोलीत नोंदविले जावे. ज्याचे सांगणे घेतले त्याला वगळून ते यंत्रास विकले गेले, तर जुन्या अन्यायाची जागा नवा अन्याय घेईल.

या सूचीचा उपयोग उद्याचे सॉफ्टवेअर करील की नाही, हे सांगता येत नाही. परंतु ती नसेल तर त्याला करता येणार नाही, एवढे निश्चित. झाशीहून खजुराहोस निघालेला प्रवासी मऊरानीपुरावरून आजही जातो. त्याची मोटार तेथे थांबावी की नाही, हे ठरविणे त्याच्याकडे आहे. थांबण्याजोगे तेथे काय आहे, हे त्याला वेळेवर आणि त्याच्या भाषेत कळावे, याची तजवीज करणे मात्र त्याच्याकडे नाही. ते काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी भाद्रपदात एकदा सुखनईच्या काठी जाऊन उभे राहावे, आणि विमाने कोणत्या गल्लीने येतात ते लिहून घ्यावे.